साठवलेल्या विजेचा तासांचा हिशेब

मे २०२५ मधल्या एका रविवारी देशाच्या वीजबाजारात सकाळपासून दुपारपर्यंत विजेचा दर अक्षरशः शून्यावर आला. सुटीमुळे कारखाने थंड होते, अवकाळी पावसाने हवेतला उकाडा कमी केला होता, आणि सौर प्रकल्प मात्र भरात होते. याच बाजारात उन्हाळ्यातल्या संध्याकाळी, सूर्य मावळून एसी आणि दिवे एकदम सुरू झाले की, दर युनिटला १० रुपयांच्या कमाल मर्यादेला जाऊन टेकतो. मर्यादा नसती तर तो आणखी वर गेला असता. दुपारी कुणी घ्यायला नाही आणि रात्री आठला मागूनही मिळत नाही, अशी ही वीज. या दोन वेळांच्या मध्ये जी फट आहे तिच्यात आज जगभरातल्या मोठ्या बॅटऱ्यांचा धंदा उभा राहतो आहे.

दहा वर्षांपूर्वी या विषयावरची चर्चा एका प्रश्नाभोवती फिरायची: बॅटरी परवडते का? त्याचे उत्तर आता बरेचसे मिळाले आहे. काही तासांच्या साठवणीसाठी ती परवडते. आपल्याकडे मात्र अजूनही मेगावॅटचे मोठे आकडे जाहीर होतात आणि टाळ्या घेतात. बॅटरी किती तास वीज देणार, दिवसातून किती वेळा, कोणत्या कामासाठी आणि कुणाच्या पैशाने, हे चार तपशील त्या आकड्यांमागे झाकले जातात. या धंद्याचे यशापयश ठरते ते याच तपशिलांवर.

क्षणाक्षणाचा मेळ

वीजजाळ्यात वापर आणि निर्मिती यांचा मेळ दर क्षणाला बसावा लागतो. तो बसला आहे की नाही हे वारंवारता सांगते. आपल्या देशात ती ५० हर्ट्झ असते आणि ४९.९० ते ५०.०५ या पट्ट्यात राखायची असते. मागणी वाढली की वारंवारता घसरते, निर्मिती जास्त झाली की चढते. ती फार घसरली तर यंत्रे वाचवण्यासाठी संच आपोआप बाहेर पडतात, त्याने तूट आणखी वाढते, आणि एकामागून एक भाग अंधारात जातो. ३० आणि ३१ जुलै २०१२ला उत्तर आणि पूर्व भारतात ओळीने दोन दिवस जे झाले ते असेच. दुसऱ्या दिवशी सुमारे ६२ कोटी लोक राहत असलेल्या प्रदेशाची वीज गेली.

औष्णिक आणि जलविद्युत केंद्रांत शेकडो टन वजनाची फिरती यंत्रे असतात. कुठे अचानक तूट आली तर त्यांच्या फिरण्यातला जोर पहिले काही सेकंद जाळे सावरून धरतो. सौर पॅनेलमध्ये फिरणारे काहीच नाही. जून २०२५ मध्ये भारताच्या स्थापित क्षमतेतला निम्मा वाटा कोळसा, वायू आणि तेल सोडून इतर स्रोतांचा झाला. प्रत्यक्ष निर्मितीत आजही कोळशाचाच वाटा सर्वांत मोठा आहे, पण दुपारच्या वेळी चित्र झपाट्याने बदलते आहे. कोळशाचे संच दुपारी किमान पातळीपर्यंत खाली आणायचे आणि संध्याकाळी दोन-तीन तासांत पुन्हा वर चढवायचे, ही कसरत भार प्रेषण केंद्रांत रोज चालते. संच पूर्ण बंद करून रात्रीसाठी परत पेटवणे महाग आणि वेळखाऊ, म्हणून तो चालू ठेवतात आणि सौर वीज कापतात. राजस्थानात पारेषण वाहिन्या अपुऱ्या पडल्याने तयार सौर वीज सोडून देण्याची वेळ अनेकदा आली आहे.

कंटेनरच्या आत

ग्रिडच्या बॅटरीची जागा लांबून बंदरातल्या कंटेनर यार्डासारखी दिसते. पांढरे लोखंडी डबे, शेजारी इन्व्हर्टर आणि रोहित्रे. डब्यात सेलच्या चवडी, त्यांना गार ठेवणारे द्रव शीतकरण आणि सेलचे तापमान व विद्युतदाब पाहणारी नियंत्रण यंत्रणा असते. आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या २० फुटी कंटेनरमध्ये सुमारे ५ मेगावॅट-तास, म्हणजे ५,००० युनिट वीज मावते. भरलेल्या विजेपैकी ८५ टक्क्यांच्या आसपास परत मिळते. बाकीची उष्णतेत आणि शीतकरणात जाते. विदर्भातल्या किंवा राजस्थानातल्या ४५ अंशांच्या उन्हात शीतकरणाचा खर्च आणखी वाढतो.

सेलचे रसायन हा या क्षेत्रातला निर्णायक भाग ठरला. १९९१ मध्ये सोनीने पहिली लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली ती कॅमेऱ्यांसारख्या लहान उपकरणांसाठी. पुढे निकेल, मँगेनीज आणि कोबाल्टच्या मिश्रणाने कमी वजनात जास्त ऊर्जा साठवता येऊ लागली. मोटारींना ते सोयीचे होते, पण कोबाल्ट महाग आणि तापल्यावर हे रसायन अस्थिर. १९९७ मध्ये टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत अक्षय पाढी आणि सहकाऱ्यांनी लोह आणि फॉस्फेटचा पर्याय दाखवला. गुडइनफ यांना पुढे २०१९चे रसायनशास्त्राचे नोबेल दोघांसह विभागून मिळाले. लोह-फॉस्फेट सेल वजनाने जड, पण त्यात निकेल नाही, कोबाल्ट नाही, उष्णता जास्त सोसतो आणि हजारो वेळा भरता-रिकामा करता येतो. जमिनीवर कायमच्या ठेवलेल्या बॅटरीच्या वजनाशी कुणाला देणेघेणे नसते. चीनने हेच रसायन उचलून धरले, प्रचंड कारखाने काढले, आणि आज ग्रिडच्या बहुतेक नव्या बॅटऱ्या याच जातीच्या आहेत.

मेगावॅट आणि मेगावॅट-तास यांतला फरक वृत्तपत्रांत वारंवार पुसला जातो. इमारतीवरच्या पाण्याच्या टाकीत किती पाणी मावते ही एक गोष्ट आणि तिचा नळ किती रुंद ही दुसरी. मेगावॅट म्हणजे नळ, मेगावॅट-तास म्हणजे टाकी. १०० मेगावॅटची बॅटरी एक तास चालते की चार तास, यावर तिची किंमत आणि तिचे काम दोन्ही बदलतात.

पहिले काम सेकंदांचे, दुसरे तासांचे

सप्टेंबर २०१६ मध्ये वादळाने वाहिन्यांचे मनोरे कोसळले आणि दक्षिण ऑस्ट्रेलिया हे अख्खे राज्य अंधारात गेले. त्यानंतर तिथल्या सरकारने मोठी बॅटरी मागवली. टेस्लाच्या इलॉन मस्क यांनी करारापासून १०० दिवसांत उभी करून देतो, नाही तर फुकट, अशी जाहीर पैज घेतली आणि ती जिंकली. निओएन कंपनीच्या पवनचक्क्यांशेजारी हॉर्न्सडेल इथे १०० मेगावॅट आणि १२९ मेगावॅट-तासांची बॅटरी १ डिसेंबर २०१७ला सुरू झाली.

तिची टाकी नळाच्या मानाने लहान होती, सव्वा तासाहून थोडी जास्त. ते चालण्यासारखे होते, कारण ७० मेगावॅट क्षमता राज्य सरकारच्या कराराखाली ग्रिड सावरण्यासाठी राखीव होती आणि बाजारातल्या खरेदी-विक्रीसाठी उरलेले ३०. कुठे संच बंद पडला की वाफेच्या यंत्राला हलायला सेकंद लागतात. बॅटरी सेकंदाच्या छोट्या अंशात वीज सोडते. या सेवेसाठी पूर्वी वायू प्रकल्प वाट्टेल तो दर मागत. बॅटरी आल्यावर ते दर कोसळले आणि ग्राहकांचे कोट्यवधी डॉलर वाचले. पुढे तिची क्षमता दीडपट झाली.

पण वारंवारता सावरायला लागणारी एकूण क्षमता मर्यादित असते. मोजक्या बॅटऱ्यांनी ती गरज भागली की पुढच्या बॅटरीला तिथे कमाई उरत नाही. ब्रिटनमध्ये हेच घडले. सुरुवातीच्या बॅटऱ्यांनी वारंवारता सेवेवर चांगली कमाई केली, मग गर्दी झाली आणि २०२३ मध्ये उत्पन्न झपाट्याने आटले. मग बॅटरीला दुसरे काम शोधावे लागते: स्वस्त वेळी वीज घ्यायची, महाग वेळी विकायची. त्यासाठी टाकी मोठी हवी.

हे दुसरे काम मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा कॅलिफोर्नियाने करून दाखवले. तिथल्या ग्रिड संचालकांनी २०१३ मध्येच एक आलेख मांडला होता. सौर वीज वाढत जाईल तसतशी दुपारची उरलेली मागणी खोल जाईल आणि संध्याकाळी उभी चढेल. बदकासारख्या आकारामुळे तो आलेख जगभर गाजला. २०२० मध्ये राज्यात काही शे मेगावॅटच्या बॅटऱ्या होत्या. २०२४ मध्ये तो आकडा १०,००० मेगावॅटच्या पुढे गेला. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये एका संध्याकाळी थोडा वेळ का होईना, ग्रिडला सर्वांत जास्त वीज पुरवणारा स्रोत बॅटऱ्या होत्या.

तिथल्या बहुतेक बॅटऱ्या चार तासांच्या आहेत. यात रसायनाचा काही भाग नाही. संध्याकाळी उपलब्ध राहण्याबद्दल क्षमतेचे पूर्ण पैसे हवे असतील तर चार तास वीज देता आली पाहिजे, असा कॅलिफोर्नियाचा नियम आहे. नियमाने तास ठरवले आणि बाजाराने तेवढ्याच तासांच्या बॅटऱ्या उभ्या केल्या. आपल्याकडच्या निविदा वाचताना हे ध्यानात ठेवायला हवे.

दर कसे कोसळले

ब्लूमबर्ग एनईएफच्या पाहणीनुसार लिथियम-आयन बॅटरी पॅकची किंमत २०१० मध्ये किलोवॅट-तासाला हजार डॉलरच्या वर होती. २०२४ मध्ये ती सरासरी ११५ डॉलरवर आली. हा उतार सरळ नव्हता. २०२२ मध्ये मोटारींच्या मागणीने चीनमध्ये लिथियम कार्बोनेटचा भाव टनाला सहा लाख युआनच्या आसपास गेला आणि पॅकच्या किमती उलट वाढल्या. मग नव्या खाणी चालू झाल्या, सेलच्या कारखान्यांची क्षमता मागणीच्या किती तरी पुढे गेली, आणि २०२४ उजाडताना तोच भाव एक लाख युआनच्या खाली होता. आजच्या स्वस्ताईमागे तंत्रातली खरी सुधारणा आहे, तसाच चिनी कारखान्यांचा अतिरिक्त मालही आहे. यातली पहिली टिकेल, दुसऱ्याची हमी नाही.

या उताराचे भारतातले चित्र निविदांच्या दरांत दिसते. इथे बॅटरीचा मालक वितरण कंपनीकडून दर मेगावॅटला दरमहा भाडे घेतो. वीज भरणे आणि काढणे वितरण कंपनीच्या हातात. २०२२ मध्ये सेकी या केंद्राच्या सौर ऊर्जा महामंडळाच्या पहिल्या मोठ्या निविदेत दोन तासांच्या बॅटरीसाठी हे भाडे १० लाख ८४ हजार रुपये निघाले. मार्च २०२४ मध्ये गुजरातच्या निविदेत ४ लाख ४९ हजार. नंतर वर्षभराच्या आत राजस्थानात, केंद्राच्या अनुदानासह, २ लाख २१ हजार. २०२५च्या उत्तरार्धात काही बोली दोन लाखांच्याही खाली उतरल्या. दर इतक्या वेगाने घसरले की सेकीच्या त्या पहिल्या निविदेचा दर मंजूर करायला केंद्रीय वीज नियामक आयोगाने जानेवारी २०२५ मध्ये नकार दिला. तोवर बाजार कुठल्या कुठे गेला होता.

या भाड्याचे युनिटमागे काय होते ते पाहू. एक मेगावॅट, दोन तासांची बॅटरी रोज एकदा भरून रिकामी केली तर महिन्याला ६०,००० युनिट देते. भाडे १० लाख ८४ हजार असेल तर साठवणीचा खर्च युनिटला १८ रुपये. रोज दोनदा वापरली तर ९. भाडे २ लाख २१ हजार असेल तर एका फेरीला ३ रुपये ६८ पैसे आणि दोन फेऱ्यांना १ रुपया ८४ पैसे. यात भरलेल्या विजेची किंमत मिळवायची. दुपारी दोन रुपयांना घेतलेली वीज, १५ टक्के गळती धरून, २ रुपये ३५ पैशांना पडते. म्हणजे रोज एकच फेरी असेल तर संध्याकाळचे युनिट सुमारे सहा रुपयांना, दोन फेऱ्या असतील तर सव्वाचारच्या आसपास.

या हिशेबात दोन गोष्टी दडलेल्या आहेत. पहिली दुसऱ्या फेरीची. दुपारच्या उन्हात भरून संध्याकाळी रिकामी झालेली बॅटरी पुन्हा भरायची तर ती रात्रीच, आणि रात्रीची वीज कोळशाची. ती दोन रुपयांना मिळत नाही. शिवाय सकाळची मागणी संध्याकाळइतकी महाग नसते. कागदावर दुसरी फेरी युनिटचा दर निम्मा करते, पण तिचे मोल पहिलीच्या निम्मेही नसू शकते. दुसरी गोष्ट अनुदानाची. केंद्राच्या व्यवहार्यता तूट निधीतून अशा बॅटरीला मेगावॅट-तासाला २७ लाख रुपयांपर्यंत मिळाले. दोन तासांच्या एका मेगावॅटला ५४ लाख. कराराच्या बारा वर्षांवर, व्याज न धरताही, हे दरमहा ३७,५०० रुपये होतात आणि रोजच्या एका फेरीच्या युनिटमागे ६२ पैसे. ते वीजबिलात दिसत नाहीत, पण कुणी तरी भरतेच.

अनुदानाने काम मात्र झाले. सप्टेंबर २०२३ मध्ये ही योजना ४,००० मेगावॅट-तासांसाठी मंजूर झाली होती. दर कोसळल्याने तेवढ्याच पैशांत १३,००० हून जास्त मेगावॅट-तास मावले. जून २०२५ मध्ये आणखी ३०,००० मेगावॅट-तासांसाठी ५,४०० कोटींचा दुसरा टप्पा जाहीर झाला, मेगावॅट-तासाला १८ लाख याप्रमाणे. सौर आणि साठवण एकत्र विकण्याच्या निविदा तर त्याहून बोलक्या आहेत. मध्य प्रदेशातल्या मोरेना प्रकल्पात २०२५ मध्ये युनिटला २ रुपये ७० पैशांची बोली आली. त्या सरासरीत दिवसभराची स्वस्त सौर वीज मिसळलेली आहे हे खरे. तरीही तीन रुपयांच्या आत बॅटरीसह वीज येईल, असे पाच वर्षांपूर्वी कुणी म्हटले असते तर त्याला हसले असते.

कागदावरच्या बॅटऱ्या

निविदा आणि जमिनीवरची बॅटरी यांत मोठे अंतर आहे. दिल्लीत रोहिणी इथे टाटा पॉवरच्या वितरण कंपनीने २०१९ मध्ये १० मेगावॅटची बॅटरी बसवली. छत्तीसगडमध्ये राजनांदगावला सौर प्रकल्पासोबत १२० मेगावॅट-तासांची आली. २०२५ मध्ये दिल्लीतल्या किलोकरी उपकेंद्रात ४० मेगावॅट-तासांची सुरू झाली. तरी २०२५च्या मध्यापर्यंत देशभरात चालू असलेली बॅटऱ्यांची एकूण साठवण १,००० मेगावॅट-तासांच्या आतच होती. चीनमध्ये २०२४च्या अखेरीस बॅटरीसारख्या नव्या साठवणीची क्षमता ७३,७६० मेगावॅट आणि १ लाख ६८ हजार मेगावॅट-तास होती.

आपल्या योजनेचा आकडा मात्र चीनच्या तोडीचा आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या राष्ट्रीय आराखड्यात २०३१-३२ पर्यंत ४७,२४० मेगावॅट आणि २ लाख ३६ हजार मेगावॅट-तास बॅटऱ्यांची गरज मांडली आहे. भागाकार केला तर सरासरी बरोबर पाच तास येतात. निविदा मात्र बहुतेक दोन तासांच्या निघतात, काही थोड्या चारच्या. मेगावॅटचे उद्दिष्ट गाठूनही तासांचे निम्मे राहून जाईल, असा हा घाट आहे.

अतिस्वस्त बोलींचीही काळजी आहे. बोली लावताना सेल आणखी स्वस्त होतील असे धरून काही कंपन्या दर खाली ओढतात. सेलचे भाव चढले किंवा चीनने निर्यातीवर बंधने घातली की तो प्रकल्प रखडतो. त्या बॅटरीच्या भरवशावर वितरण कंपनीने दुसरी खरेदी केलेली नसते, आणि मग संध्याकाळी १० रुपयांची वीज बाजारातून उचलावी लागते.

सक्तीचा अनुभवही चीनकडून शिकण्यासारखा आहे. तिथे अनेक प्रांतांनी नव्या सौर आणि पवन प्रकल्पांना क्षमतेच्या १० ते २० टक्के साठवण बंधनकारक केली होती. परवान्यासाठी बॅटऱ्या बसल्या, पण त्या चालवून कमाई होण्याची सोय नव्हती, म्हणून कित्येक पडून राहिल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथल्या केंद्र सरकारने ही पूर्वअट काढून टाकली. त्याच महिन्यात आपल्या विद्युत प्राधिकरणाने सौर निविदांत किमान १० टक्के, दोन तासांची साठवण घेण्याची सूचना काढली. सूचना चुकीची नाही. पण संध्याकाळच्या विजेला दराचा फरक मिळाला नाही, तर ती बॅटरीही शोभेची होईल.

डोंगरातली टाकी आणि इतर स्पर्धक

पाच-सहा तासांच्या पुढे गेले की बॅटरीपुढे जुना प्रतिस्पर्धी उभा राहतो: पाणी वर चढवून पुन्हा खाली सोडणारा उदंचन प्रकल्प. महाराष्ट्राला तो नवा नाही. अकोले तालुक्यातला घाटघरचा २५० मेगावॅटचा प्रकल्प २००८ पासून आहे आणि भिरा इथे टाटांचा १५० मेगावॅटचा संच त्याहून जुना. शिवाय कोयनेचे जलाशय दशकानुदशके राज्याची संध्याकाळ सांभाळत आले आहेत. १,९६० मेगावॅटची कोयना हव्या त्या वेळी काही मिनिटांत पूर्ण जोर देते. पश्चिमेकडे वळवण्याच्या पाण्याला मात्र वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा असल्याने ते जपून वापरावे लागते.

उदंचन प्रकल्प चाळीस वर्षांहून जास्त टिकतो आणि सहा-आठ तास वीज देतो. त्याची टाकी मोठी करणे बॅटरीइतके महाग नसते. पण त्याला डोंगर लागतो, वनजमिनीची परवानगी लागते, बोगदे खणायला चार-पाच वर्षे लागतात, आणि भरलेल्या विजेतली वीस-पंचवीस टक्के वाया जाते. बॅटरी वर्षभरात उभी राहते आणि मागणी असेल तिथे, शहराच्या उपकेंद्रातही बसते. टाटांचे भिवपुरी आणि शिरवटा हे मिळून २,८०० मेगावॅटचे प्रकल्प सह्याद्रीत येऊ घातले आहेत, आणि राज्याने इतरही अनेक करार केले आहेत. सह्याद्रीचा हा पट्टा जैवविविधतेने नाजूक आहे. प्रत्येक करार प्रत्यक्षात उतरावा असे नाही, आणि तसा उतरणारही नाही.

बाकीच्या रसायनांचे चित्र संमिश्र आहे. व्हॅनेडियमच्या प्रवाही बॅटरीत ऊर्जा द्रवाच्या टाक्यांत असते, म्हणून तास वाढवायला फक्त टाकी वाढवावी लागते. चीनमध्ये दालियनला २०२२ मध्ये १०० मेगावॅट आणि ४०० मेगावॅट-तासांची अशी बॅटरी सुरू झाली. पण व्हॅनेडियम महाग आहे. सोडियम-आयनला लिथियम लागत नाही, आणि मीठ सगळीकडे आहे. पुण्यात आयसर या विज्ञान संस्थेतल्या अनेक वर्षांच्या संशोधनातून आलेले सोडियम-आयनचे तंत्र केपीआयटी कंपनीने २०२३ मध्ये जाहीर केले. रिलायन्सने ब्रिटनची फॅराडियन कंपनी विकत घेतली. मात्र लिथियम इतके स्वस्त झाले की सोडियमचे मुख्य आकर्षणच काही काळापुरते फिके पडले. अमेरिकेत फॉर्म एनर्जी लोखंड गंजवून आणि पुन्हा शुद्ध करून १०० तास वीज देणारी बॅटरी विकसित करते आहे. तिची कार्यक्षमता कमी, पण इतक्या दीर्घ मुदतीत ती अडचण सहन होऊ शकते.

आग आणि आयात

बॅटरीबद्दल लोकांच्या मनात पहिली भीती आगीची असते आणि ती निराधार नाही. १६ जानेवारी २०२५ला कॅलिफोर्नियात मॉस लँडिंगच्या ३०० मेगावॅटच्या बॅटरीगृहाला आग लागली. हजाराहून जास्त लोकांना घरे सोडावी लागली आणि महामार्ग बंद झाला. तिथले सेल निकेल-कोबाल्ट जातीचे होते आणि जुन्या औष्णिक केंद्राच्या बंद इमारतीत एकत्र रचलेले होते. त्याआधी एप्रिल २०१९ मध्ये अॅरिझोनात एका छोट्या बॅटरीत साचलेल्या वायूचा स्फोट होऊन अग्निशामक दलाचे जवान गंभीर जखमी झाले. दक्षिण कोरियात २०१८-१९ मध्ये अशा आगींची मालिकाच झाली.

या घटनांतून नियम बदलले. आता उघड्यावर वेगवेगळे कंटेनर, त्यांच्यात अंतर, वायू बाहेर काढण्याची सोय आणि मुख्यतः लोह-फॉस्फेट. एका डब्याला आग लागली तर ती त्या डब्यापुरती जळू द्यायची, अशी रचना असते. पण लोह-फॉस्फेट पेटतच नाही, हा प्रचार खोटा आहे. तापल्यावर तोही ज्वलनशील वायू सोडतो. आपल्या उपकेंद्रांतल्या कर्मचाऱ्यांना आणि नगरपालिकांच्या अग्निशमन दलांना याचे प्रशिक्षण बॅटरी येण्याआधी मिळायला हवे.

आयातीचा धोका तितकाच खरा आहे. सेल निर्मितीत चीनचा वाटा इतर सर्व देशांना मिळून आहे त्याहून किती तरी मोठा आहे. केंद्राने २०२१ मध्ये ५० गिगावॅट-तास सेल निर्मितीसाठी १८,१०० कोटींची प्रोत्साहन योजना आणली, पण ठरलेल्या मुदतीत कारखाने उभे राहिले नाहीत. जम्मूतल्या रियासीत लिथियम सापडल्याचा फेब्रुवारी २०२३ मध्ये गाजावाजा झाला. पुढे लिलावाला पुरेसे बोलीदारच आले नाहीत. बॅटरी एकदा बसली की कोळशासारखी रोज आयात करावी लागत नाही, हा फरक महत्त्वाचा. तरी सेल बदलण्याची वेळ बारा-पंधरा वर्षांनी येणारच.

महाराष्ट्राची संध्याकाळ

महाराष्ट्रात साठवणीचा विचार शेतीपंपाशिवाय होऊच शकत नाही. वर्षानुवर्षे शेतकऱ्याला आलटून पालटून रात्रीची वीज मिळाली. रात्री पाणी धरायला जायचे, साप-बिबट्यांची धास्ती घ्यायची, हे इथल्या गावांना नवे नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात शेतीच्या फीडरसाठी १६,००० मेगावॅट सौर क्षमता उभी करून पंप दिवसा चालवण्याचे उद्दिष्ट आहे. वीजजाळ्याच्या दृष्टीने ही सर्वांत स्वस्त साठवण आहे. रात्रीची मागणी दुपारी सरकली की तेवढी वीज साठवावीच लागत नाही. पाणी जमिनीत जाऊन बसते आणि बॅटरीचा एक रुपयाही लागत नाही.

उद्योग आणि दुकानांच्या बाबतीतही तीच दिशा आहे. केंद्राच्या नियमांनी दुपारचे दर कमी आणि संध्याकाळचे जास्त ठेवायला सांगितले आणि राज्य आयोगाने २०२५च्या दर आदेशात दिवसाच्या सौर तासांना सवलत आणली. रात्रपाळीत स्वस्त वीज म्हणून भट्ट्या लावणाऱ्यांना हा बदल जाचक वाटला, आणि त्यावर वादही झाले. पण बॅटरी घेण्याआधी मागणी हलवणे हा हिशेब कुठल्याही वितरण कंपनीने आधी करायला हवा.

मुंबईचा प्रश्न वेगळा आहे. १२ ऑक्टोबर २०२०ला सकाळी कळवा-पडघा परिसरातल्या वाहिन्या बंद पडल्या, शहराला वेगळे काढून वाचवणारी यंत्रणा अपयशी ठरली, आणि लोकलपासून रुग्णालयांपर्यंत सगळ्यांना फटका बसला. टाटा पॉवरने २०२५ मध्ये मुंबईत दहा ठिकाणी मिळून १०० मेगावॅट बॅटरी बसवण्याची घोषणा केली. शहराची मागणी उन्हाळ्यात ४,००० मेगावॅटच्या वर जाते, तेव्हा ही बॅटरी शहर चालवणार नाही. अंधार झाल्यावर बंद केंद्र पुन्हा सुरू करायला पहिली वीज देणे, मेट्रो आणि रुग्णालये धरून ठेवणे, भरलेल्या वाहिन्यांवरचा ताण संध्याकाळी उतरवणे, ही तिची कामे. इथे दोन तास पुरतात.

पावसाळ्यासाठी मात्र पुरत नाहीत. जुलै-ऑगस्टमध्ये सह्याद्रीवर दिवसच्या दिवस ढग असतात आणि सौर निर्मिती आठवडाभर घसरलेली राहू शकते. त्या काळात पवनचक्क्या जोरात असतात आणि शेतीपंप बंद असतात, ही निसर्गाने दिलेली जोडी आहे. पण वारा पडला तर चार तासांची बॅटरी पहिल्याच संध्याकाळी रिकामी होईल, आणि दुसऱ्या दिवशी ती भरायला ऊनच नसेल. अशा आठवड्यांसाठी कोयनेचे पाणी, दूरच्या राज्यांशी जोडणाऱ्या वाहिन्या आणि कमी तास चालणारे, पण सज्ज ठेवलेले औष्णिक संच लागतील. बॅटऱ्या आल्या म्हणून ते मोडीत काढा म्हणणारे आणि पावसाळ्यात बॅटरी चालत नाही म्हणून तिला नावे ठेवणारे, दोघेही तिला तिच्या कामाबाहेरचे काम सांगत आहेत.

आजच्या भावात बॅटरी भारतातली संध्याकाळ सांभाळू शकते, हे आता मान्य करायला हरकत नाही. पुढची काही वर्षे प्रश्न खरेदीच्या शहाणपणाचा राहील. म्हणून प्रत्येक निविदेच्या मेगावॅटच्या आकड्याशेजारी आणखी चार आकडे छापले गेले पाहिजेत: किती तास, दिवसाला खरोखर लागणाऱ्या किती फेऱ्या, अनुदान धरून युनिटचा पूर्ण दर, आणि वेळेत न उभी राहिल्यास दंड किती. हे आकडे नियामक आयोगाच्या जनसुनावणीत मागण्याचा हक्क ग्राहकाला आहे. बॅटरीचे भाडे शेवटी त्याच्याच बिलातून जाते, आणि बारा वर्षे जाते.